जमतं, पण दर वेळी नाही

पडद्याच्या मधोमध एक खूण दिसते. ती विझते आणि डावीकडे किंवा उजवीकडे अचानक एक ठिपका उजळतो. तुम्हाला आधीच सांगून ठेवलेलं असतं, की त्या ठिपक्याकडे बघायचं नाही. तो ज्या बाजूला असेल त्याच्या बरोबर उलट बाजूला, जिथे काहीही नाही अशा रिकाम्या जागेकडे नजर न्यायची. ऐकायला फार सोपं वाटतं. पण काही चमकलं की डोळे तिकडे वळणं ही सवय इतकी जुनी आहे, की ती अडवायला मेंदूला खरोखर जोर लावावा लागतो. जेमतेम पाव-अर्ध्या सेकंदात एक हालचाल थोपवायची, तिच्या जागी दुसरी आखायची आणि ती पार पाडायची.

पिट्सबर्गच्या संशोधिका बिआत्रीझ लुना यांनी ही चाचणी लहान मुलांवर, किशोरांवर आणि तरुणांवर वर्षानुवर्षं घेतली आहे. लहान मुलं वारंवार फसतात. वय वाढेल तसं फसणं कमी होतं आणि साधारण चौदा-पंधराव्या वर्षाच्या सुमारास मुलं मोठ्यांच्या बरीच जवळ पोचतात. इथपर्यंत अनपेक्षित काही नाही. मी थांबले ते पुढच्या दोन तपशिलांपाशी. चुकून ठिपक्याकडे बघितलेली मुलं बहुतेक वेळा लगेच नजर फिरवून बरोबर बाजूला नेतात. म्हणजे सूचना कळलेली होती आणि लक्षातही होती. दुसरी गोष्ट अशी, की अगदी लहान वयाची मुलंसुद्धा अनेक वेळा ठिपक्याकडे न बघता थेट योग्य जागी नजर नेतात, मोठ्यांसारखीच. वयाबरोबर वाढतं ते अशा यशाचं प्रमाण. आधी दहापैकी काही वेळा, मग बहुतेक वेळा, आणि पुढे जवळजवळ दर वेळी.

नवशिक्या गाणाऱ्याला सूर लागतच नाही असं नसतं. लागतो, आणि लागतो तेव्हा ऐकणाराही दचकतो. पण तो टिकत नाही. किशोरवयातल्या आत्मनियंत्रणाबद्दल इतक्या वर्षांत जे संशोधन झालं, ते वाचताना मला पुन्हा पुन्हा हेच दिसतं, आणि मोठी माणसं नेमकं हेच विसरतात असं मला वाटतं.

मी गणित शिकवते. माझ्यासमोर बसणारी मुलं पंधरा ते वीस या वयातली असतात. त्यांच्या विचारशक्तीबद्दल कुणी माझ्यासमोर हलकं बोललं तर मला राग येतो, कारण मी ती विचारशक्ती रोज पाहते. सोळा वर्षांची मुलगी एखादी सिद्धता लिहिताना मोह आवरते. उत्तर समोर दिसत असतानाही ती त्यावर उडी मारत नाही, आधी गृहीतकं तपासते, अपवाद शोधते, मग पुढे जाते. तीच मुलगी त्याच आठवड्यात मध्यरात्री मैत्रिणींच्या गटात एक जहरी संदेश टाकते आणि सकाळी डोळे सुजवून वर्गात येते. तिला विचारलं, "तुला कळत नव्हतं का?" तर तिचं प्रामाणिक उत्तर "कळत होतं" हेच असतं. मोठ्यांना ते उद्धटपणाचं वाटतं. ते खरं असतं. 'कळतं पण वळत नाही' असं आपण म्हणून मोकळे होतो, पण तेही पुरेसं अचूक नाही. तिला वळतंही. सिद्धता लिहिताना वळलंच होतं.

मग रात्री काय झालं?

याचं उत्तर शोधायला मेंदूच्या आत जावं लागतं. मेंदूचा आकार पाहिला तर सहाव्या वर्षापर्यंत तो मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ९० टक्के झालेला असतो. त्यामुळे फार काळ समज असा होता, की महत्त्वाचं बांधकाम बालपणीच उरकतं आणि पुढे राहतं ते फक्त शिकणं. १९७९ साली शिकागोच्या पीटर हटनलोकर यांनी या समजाला पहिला मोठा धक्का दिला. त्यांनी मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूंच्या नमुन्यांत, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, चेतापेशींमधले सांधे मोजले. हे अतिशय चिकाटीचं काम आहे. मेंदूच्या पुढच्या भागात एक-दोन वर्षांच्या बाळाकडे मोठ्या माणसापेक्षा सुमारे ५० टक्के अधिक सांधे असतात, आणि ते पुढे सोळाव्या वर्षापर्यंत कमी होत जातात, असं त्यांना आढळलं. मेंदू आधी भरमसाट जोडण्या तयार करतो आणि मग त्यांतल्या वापरात नसलेल्या काढून टाकतो. पुढे २०११ साली झ्द्राव्को पेतान्येक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधली, म्हणजे कपाळामागच्या भागातली, ही छाटणी विशीतही सुरू राहते.

जिवंत, वाढत्या मुलांचा मेंदू बघता आला तो एमआरआयमुळे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत जे गीड आणि त्यांच्या गटाने तीच तीच मुलं काही वर्षांच्या अंतराने पुन्हा बोलावली. एकाच मुलाचा मेंदू वाढताना पाहायचा, हा त्यातला महत्त्वाचा भाग. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात मेंदूच्या पुढच्या भागातल्या करड्या थराचं, म्हणजे चेतापेशी दाटलेल्या भागाचं, आकारमान मुलींमध्ये सुमारे अकराव्या आणि मुलग्यांमध्ये सुमारे बाराव्या वर्षी सगळ्यात जास्त भरलं आणि मग उतरत गेलं. २००४ साली त्याच संस्थेतल्या नितीन गोगटे आणि सहकाऱ्यांनी चार ते एकवीस या वयांतली ही उतरण मेंदूच्या पृष्ठभागावर कुठून कुठे सरकते ते दाखवलं. स्पर्श आणि हालचाल सांभाळणारे भाग आधी, मग भाषा आणि दिशाज्ञानाचे. अनेक ठिकाणची माहिती एकत्र आणणारे, बेत आखणारे आणि स्वतःला आवरणारे भाग सगळ्यात उशिरा.

इथे एक सावधगिरी मी नेहमी बाळगते. एमआरआयमध्ये करडा थर पातळ दिसला म्हणजे तेवढी छाटणी झाली, असा सरळ हिशेब नसतो. त्याच काळात चेतातंतूंवर मायलिन नावाचं चरबीचं आवरण चढत असतं. मायलिन पांढरं असतं. त्यामुळे आधी करडी दिसणारी कड हळूहळू पांढरी दिसू लागते. पातळ दिसण्यामागे दोन्ही कारणं असू शकतात. या आवरणाने संदेश नेण्याचा वेग कित्येक पटींनी वाढतो, काही तंतूंमध्ये शंभर पटींपर्यंत. भावनांशी संबंधित खोलवरचे भाग आणि कपाळामागचा भाग यांना जोडणारे तंतू तर विशीत आणि त्यानंतरही पक्के होत राहतात. वेग आणि नेमकेपणा वाढतो तसा बदलण्याचा मोकळेपणा थोडा कमी होतो. पंधराव्या वर्षी नवी भाषा, नवं वाद्य, नवा विचार ज्या सहजतेने आत जातो त्याचं रहस्य याच अर्धवटपणात आहे, आणि म्हणून 'अपुरा मेंदू' हा शब्दप्रयोग मला मान्य नाही. त्या वयाचा मेंदू त्याच्या कामाला पुरेसा आहे. ते काम म्हणजे घरापलीकडचं जग शिकून घेणं.

लुना यांच्या गटाने पुढे आणखी एक गोष्ट पाहिली. नऊ ते सव्वीस या वयांतल्या लोकांना वर्षानुवर्षं परत बोलावून, डोळे रोखण्याची तीच चाचणी स्कॅनरमध्ये घेतली. नजर अडवण्यासाठी लागणारी कपाळामागची यंत्रणा किशोरवयातच मोठ्यांसारखी वागू लागली होती. सर्वांत जास्त काळ बदलत राहिला तो मेंदूच्या दोन अर्धगोलांच्या मधल्या भिंतीवरचा एक भाग. आपलं चुकलं, ही नोंद तो घेतो. चूक होताक्षणी त्याचा प्रतिसाद विशीपर्यंत वाढत राहतो. माझ्या वर्गातल्या मुलांना मी हे सांगितलं तेव्हा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे चूक करायचं बंद व्हायच्या आधी चूक नीट जाणवायला लागते?" मला याहून चांगली मांडणी सुचली नसती.

आता रात्रीच्या त्या संदेशाकडे. नियंत्रणाची यंत्रणा एकटी काम करत नाही. तिला कोणाला आवरायचं आहे यावर बरंच अवलंबून असतं. मेंदूच्या खोल भागात, बक्षिसाची चाहूल लागली की जागा होणारा एक गठ्ठा आहे. २००६ साली अॅड्रियाना गॅल्व्हान, बी. जे. केसी आणि सहकाऱ्यांनी मुलं, किशोर आणि मोठी माणसं यांची तुलना केली. मोठं बक्षीस मिळाल्यावर किशोरांच्या मेंदूतला हा भाग इतर दोन्ही गटांपेक्षा जोरात पेटला. केसी यांच्याच गटाने २०११ साली एक सुंदर प्रयोग केला. पडद्यावर चेहरे येतात, काही शांत आणि काही हसरे. एका प्रकारच्या चेहऱ्याला बटण दाबायचं, दुसऱ्याला हात आवरायचा. शांत चेहऱ्यासमोर हात आवरणं किशोरांना व्यवस्थित जमलं. हसऱ्या चेहऱ्यासमोर हात आवरताना मात्र ते मुलांपेक्षाही आणि मोठ्यांपेक्षाही जास्त वेळा चुकले. बटण तेच, सूचना तीच, बदललं ते फक्त समोरच्या चेहऱ्यावरचं हसू. मित्रमैत्रिणींच्या स्वीकाराची ओढ ही या वयात किती खरी, शरीरात उतरलेली गोष्ट आहे, ते मला या प्रयोगाने जितकं समजलं तितकं कुठल्याही उपदेशाने समजलं नव्हतं.

सिद्धता लिहिणं म्हणजे शांत चेहरा. मैत्रिणींचा गट, झालेला अपमान, हातातला फोन, अपुरी झोप, हे सगळं दुसऱ्या बाजूला. एकाच मुलीच्या या दोन अवस्था आहेत. त्यातली एक खरी आणि दुसरी खोटी, असं ठरवायची घाई मोठ्यांना असते.

हा फरक वयांच्या आकड्यांत मांडणारा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. ग्रेस आयसनोगल, लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी अकरा देशांतल्या, दहा ते तीस वर्षं वयाच्या ५,२२७ जणांना तपासलं. त्यात भारत होता, केनिया होता, स्वीडन आणि थायलंडही होते. शांतपणे, घाई नसताना विचार करण्याची क्षमता साधारण सोळाव्या वर्षी मोठ्यांच्या पातळीला पोचते असं दिसलं. भावना तापलेल्या असताना, समोर मोह असताना स्वतःला सांभाळण्याची परिपक्वता मात्र अठरानंतरही वाढत राहते. मधल्या काही वर्षांची ही दरी सगळीकडे सारख्याच आकाराची नव्हती, पण बहुतेक ठिकाणी होती. कायद्यांमध्ये याचे पडसाद दोन दिशांनी उमटू शकतात. ऑस्ट्रियाने २००७ साली मतदानाचं वय सोळावर आणलं. मत देण्याआधी विचाराला वेळ असतो, त्यामुळे ते मला पटतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली, गुन्ह्याच्या वेळी अठरा पूर्ण नसलेल्यांना मृत्युदंड देता येणार नाही, असा निकाल दिला. तोही पटतो. सोळाव्या वर्षी मत देता येतं तर शिक्षाही मोठ्यांचीच द्या, असा युक्तिवाद मी अनेकदा ऐकते. त्यात दोन वेगळ्या परिस्थितींतला विचार एकच धरलेला असतो.

धोक्याबद्दलही असाच एक गैरसमज आहे, की या वयात मुलांना धोका दिसत नाही. दिसतो. पुष्कळदा ती धोका असतो त्याहून मोठाच समजतात. २०१२ साली अॅग्निएश्का टिमुला आणि सहकाऱ्यांनी बारा ते सतरा वयाच्या मुलांसमोर दोन प्रकारच्या सोडती ठेवल्या. पहिल्या प्रकारात जिंकण्याची शक्यता किती ते स्पष्ट सांगितलं होतं, दुसऱ्यात ती झाकलेली होती. शक्यता माहीत असताना मुलं मोठ्यांपेक्षा जास्त जपून खेळली. मुलं पुढे सरसावली ती शक्यता अज्ञात असेल तेव्हा. हे वाचल्यापासून 'यांना धोक्याचं आकर्षण असतं' असं म्हणणं मी सोडून दिलं. त्यांना न माहीत असलेल्याचं भय मोठ्यांइतकं वाटत नाही. आई-वडिलांचं छत्र सोडून स्वतःची वाट धरण्याच्या वयात हे भय कमी असणं मला तरी शहाणपणाचंच वाटतं.

सोबत्यांच्या उपस्थितीचं काय होतं हे सर्वांत ठळकपणे दिसलं ते २००५ साली. मार्गो गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी ३०६ जणांना गाडी चालवण्याचा एक संगणकीय खेळ दिला. दिवा पिवळा होतो, कधी थांबायचं ते तुम्ही ठरवायचं, उशीर केला तर अपघात. एकटं खेळताना किशोर, तरुण आणि मोठे यांच्यात फारसा फरक नव्हता. मित्र सोबत असताना किशोरांनी घेतलेला धोका खूप वाढला, अठरा ते बावीसच्या तरुणांचा थोडा कमी वाढला, आणि मोठ्यांचा जवळजवळ वाढलाच नाही. पुढे २०११ साली जेसन चाइन, स्टाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी असाच खेळ स्कॅनरमध्ये घेतला. मित्र शेजारच्या खोलीतून पडद्यावर बघत आहेत एवढं माहीत असणं पुरे झालं. किशोरांच्या मेंदूतले बक्षिसाला प्रतिसाद देणारे भाग अधिक जागे झाले. हा परिणाम उंदरांमध्येही दिसतो. किशोरवयीन उंदीर एकटे असताना पितात त्यापेक्षा जास्त दारू सोबत्यांसमोर पितात, प्रौढ उंदरांच्या बाबतीत असं होत नाही. उंदरांना कुणी वाईट संगतीचे टोमणे मारत नाही, त्यांच्यात प्रतिष्ठेच्या गप्पाही नसतात. समवयस्क शेजारी असणं हीच गोष्ट या वयात मेंदूसाठी वेगळी असते.

म्हणून नवख्या किशोर चालकाच्या गाडीत समवयस्क प्रवासी किती असावेत यावर अनेक ठिकाणी मर्यादा असते. मुलाच्या चारित्र्यावर तो अविश्वास नसतो. तरुण चालकाच्या गाडीत असे प्रवासी वाढले की जीवघेण्या अपघाताची जोखीम वाढते, हे अपघातांच्या नोंदींमधून दिसलेलं आहे.

या साऱ्यात मला सर्वाधिक आशा देणारा अभ्यास तुलनेने कमी चर्चेतला आहे. २०१६ साली कॅरल सिल्वा, चाइन आणि स्टाइनबर्ग यांनी अठरा ते बावीस वयाच्या मुलग्यांचे गट घेतले. समवयस्कांच्या गटात ती मुलं जास्त धोका घेत होती, ते अपेक्षित होतं. मग गटात पंचवीस ते तीस वयाचा एक जण मिसळला. धोका घेणं खाली आलं, एकट्याने निर्णय घेताना असतं जवळपास तितकं. हा मोठा माणूस वडील नव्हता, शिक्षक नव्हता, उपदेशक तर नव्हताच. थोडासा पुढे गेलेला एक जण, एवढंच.

मला वाटतं, पालकांशी बोलताना हा अभ्यास सर्वांत आधी सांगायला हवा. त्याऐवजी सगळीकडे सांगितला जातो तो पंचविसाचा आकडा. 'मेंदू पंचविसाव्या वर्षापर्यंत तयार होत नाही' हे वाक्य इतकं पसरलं आहे, की गद्धेपंचविशीवर विज्ञानानेच शिक्का मारला असं लोकांना वाटतं. पंचविसाव्या वाढदिवसाला मेंदूत काहीही पूर्ण होत नाही. सुरुवातीच्या अनेक अभ्यासांत विशीच्या पुढची माणसं फारशी नव्हतीच, त्यामुळे रेषा विशीत जिथे संपली तिथे वाढही संपली असं वाचकांनी धरून घेतलं. काही पांढरे तंतू तिशीपर्यंत बदलत राहतात, तर काही क्षमता त्याच्या कितीतरी आधी स्थिरावतात. २०२३ साली ब्रेंडन टर्व्हो-क्लेमेन्स, लुना आणि सहकाऱ्यांनी आठ ते पस्तीस वयाच्या दहा हजारांहून अधिक जणांची माहिती एकत्र केली. मन एकाग्र ठेवणं, चुकीची कृती थोपवणं, कामापुरतं लक्षात ठेवणं अशा अनेक चाचण्या होत्या. दहा ते पंधरा या वर्षांत भराभर सुधारणा, मग मंद होत गेलेला वेग, आणि अठरा ते वीसच्या दरम्यान मोठ्यांची पातळी, असा एकच आलेख जवळपास सगळीकडे मिळाला. तेवीस वर्षांच्या तरुणीला 'तुझा मेंदू अजून पिकलेला नाही' म्हणून तिच्या नोकरीचा किंवा लग्नाचा निर्णय हातातून काढून घेणाऱ्यांना विज्ञानाचा आधार नाही. हे मला ठासून सांगावंसं वाटतं, कारण हा आकडा बहुतेक वेळा दुसऱ्याला गप्प करण्यासाठी वापरला जातो.

आता बोलण्याबद्दल, कारण घरात सगळं तिथेच येऊन अडतं. २०१५ साली क्यूंग ह्वा ली, ग्रेग सीगल आणि रोनाल्ड डाल यांनी किशोरवयीन मुलांना स्कॅनरमध्ये त्यांच्याच आईचा आवाज ऐकवला. साधारण अर्ध्या मिनिटाची ध्वनिफीत, तिच्यात आई मुलाच्या न आवडणाऱ्या गोष्टींबद्दल बोलते. ती ऐकताना नकारात्मक भावनांशी जोडलेले भाग अधिक सक्रिय झाले. भावना आवरणारे भाग शांत झाले, आणि समोरच्याच्या मनात काय चाललंय हे समजून घेणारे भागही. आपण मुलांना बोलतो तेव्हा त्यांनी स्वतःला आवरावं आणि आपली बाजू समजून घ्यावी, या दोनच अपेक्षा असतात. नेमक्या त्याच दोन गोष्टी करणारा मेंदू त्या अर्ध्या मिनिटात मागे सरतो. ही मुलं निरोगी होती, त्यांच्या आयांशी त्यांचं काही वाकडं नव्हतं. रोजच्या घरातलं साधं बोलणं होतं ते.

दुसऱ्या बाजूने, २०१६ साली स्टेफानो पाल्मिंतेरी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की किशोरवयीन मुलं बक्षिसावरून मोठ्यांइतकंच शिकतात, पण शिक्षा टाळायला शिकण्यात मागे राहतात. त्याच वर्षी ज्युलिएट डेव्हिडो आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात, बरोबर-चूक कळत कळत शिकण्याच्या एका कामात तेरा ते सतराच्या मुलांनी मोठ्यांना मागे टाकलं. स्मृती घडवणारा हिप्पोकॅम्पस आणि बक्षिसाची यंत्रणा त्यांच्यात अधिक घट्ट हातात हात घालून चालत होत्या. जी ओढ रात्री त्यांना घसरवते तीच दिवसा त्यांना शिकवते. ती दाबून टाकायला निघालेल्या शिस्तीत काय गमावलं जातं याचा विचार कुणी करताना दिसत नाही.

मी उत्तरपत्रिका तपासताना चुकलेल्या ओळीवर लाल रेघ मारून थांबत नाही. ती चूक होईपर्यंत जिथे जिथे मुलाने घाई टाळली, त्या पायऱ्यांपाशी शेरा लिहिते. वेळ जातो, पण त्या शेऱ्यांबद्दल मुलं विचारायला येतात. घरी माझ्या मुलीशी आम्ही जे ठरवतो ते दुपारी ठरवतो, भांडण नसताना, पोट भरलेलं असताना. ती सतरा वर्षांची आहे. कुठल्याही ठिकाणाहून, कितीही वाजता, 'आई, न्यायला ये' असा फोन आला तर त्या रात्री एकही प्रश्न विचारायचा नाही. प्रश्न दुसऱ्या दिवशी. हा नियम तिनेच सुचवला. तापलेल्या क्षणी तिला काय जमणार नाही हे तिला शांत वेळी नीट माहीत होतं. सोळा-सतरा वर्षांच्या विचारशक्तीवर विश्वास टाकायचा तो इथे. पुढच्या अडचणीचा बेत तिला आधी आखू द्यायचा.

झोपेबद्दल थोडक्यात. मेरी कार्स्काडन यांच्या कामातून हे पक्कं झालं आहे, की पौगंडावस्थेत शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. झोपेची सूचना देणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरू लागतं. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप हवी, आणि शाळा भल्या सकाळी असते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ साली, या वयाच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली. झोप तुटली की आधी ढासळतं ते लक्ष आणि आवर. आळशी म्हणून हिणवल्या जाणाऱ्या कितीतरी मुलांची फक्त झोप अपुरी असते.

हे वय मला केवळ कुतूहलाचा विषय वाटत नाही, त्याचं एक कारण भीतीही आहे. रोनाल्ड केस्लर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीवरून मांडलं, की आयुष्यात कधी ना कधी होणाऱ्या मानसिक आजारांपैकी निम्म्यांची सुरुवात चौदाव्या वर्षापर्यंत आणि तीन चतुर्थांशांची चोविसाव्या वर्षापर्यंत होते. मेंदू इतका बदलत असतानाच तो इतका नाजूकही असतो. आठवडेच्या आठवडे टिकणारी उदासी, तुटलेली झोप, आवडत्या गोष्टींवरून उडालेलं मन, हे 'वयाचं आहे' म्हणून सोडून देण्यासारखं नसतं. वर्गात अशी मुलं मी पाहिली आहेत. 'वयाचं आहे' हे वाक्य त्यांच्यापर्यंत पोचणारी मदत महिनोन्महिने अडवून धरतं.

आणि वर सांगितलेलं सगळं सरासरीचं आहे. पंधरा वर्षांच्या दोन मुलांच्या मेंदूंत जितका फरक असू शकतो, तितका पंधरा आणि वीसच्या सरासरींतही नसतो. कोणत्याही एका मुलाचं स्कॅन पाहून ते किती जबाबदार आहे हे सांगता येत नाही, न्यायालयातही नाही आणि दवाखान्यातही नाही.

"हा कधी सुधारणार?" असं पालक विचारतात. मुलगा शेजारीच, मान खाली घालून बसलेला असतो. मी त्यांना उलट विचारते. तो किती वाजता झोपतो? चुकलं तेव्हा कोण सोबत होतं, आणि चुकलं नाही तेव्हा कोण होतं? आणि त्याच्याहून आठ-दहा वर्षांनी मोठं असं कोण आहे, ज्याच्याशी तो मनातलं बोलतो? पहिल्या दोन प्रश्नांना पालक लगेच उत्तर देतात. तिसऱ्याला बहुतेक वेळा मुलगाच मान वर करतो आणि एखादं नाव सांगतो, लहान मामाचं, मोठ्या चुलतबहिणीचं, खेळाच्या मैदानावरच्या कुणाचं तरी. मग पुढचं बोलणं आम्ही त्या माणसाला घरी जेवायला कधी बोलवायचं यावर करतो.